कुंपण कोणाच्या खर्चाने?

(विजयदुर्ग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विजयदुर्गच्या माणसांना अदृश्य कुंपण म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या किल्ल्याबाहेर समुद्राच्या पाण्याखाली एक दगडी बांधकाम आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केलेली आहे. परक्यांची गलबते त्यावर आपटून फुटत आणि गावच्या तांडेलांना मात्र वाट ठाऊक असे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यातला इतिहास किती आणि आख्यायिका किती हा वाद मी इतिहासकारांवर सोपवतो. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. डोळ्यांना न दिसणारे कुंपणही कोणीतरी घातलेले असते, कोणासाठी तरी घातलेले असते आणि कोणाविरुद्ध तरी घातलेले असते. आज मी बोलणार आहे ते समुद्रातल्या नव्हे, तर चराऊ रानातल्या अशाच एका कुंपणाविषयी.

नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांत गुरांच्या गळ्यात एक पट्टा बांधण्याची पद्धत आता व्यापारी पायावर रूढ होत आहे. पट्ट्यात उपग्रहाच्या साहाय्याने जागा ओळखणारे यंत्र असते. गुरांचा मालक घरबसल्या मोबाइलवर नकाशा उघडतो, बोटाने एक रेघ ओढतो, आणि ती रेघ हेच कुंपण होते. गाय रेघेजवळ आली की पट्टा आवाज करतो. ती आणखी पुढे गेली की विजेचा सौम्य झटका देतो. काही दिवसांत गाय आवाजावरूनच मागे फिरायला शिकते. तार नाही, खांब नाही, गडगा नाही. उद्या चरण्याची जागा बदलायची असेल, तर रेघ पुसून दुसरी ओढायची. १९७३ साली अमेरिकेत पाळीव कुत्र्यांसाठी निघालेली ही कल्पना आज शेकडो गुरांच्या कळपाला लागू झालेली आहे. याला आभासी कुंपण म्हणतात.

आपल्याकडे ते अजून आलेले नाही, मग आजच त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, तंत्रज्ञान गावात येते तेव्हा ते एकटे येत नाही. अनुदानाची योजना, विक्रेता आणि शासननिर्णय घेऊन येते. त्यानंतर चर्चा करणे म्हणजे वरात निघून गेल्यावर मंडप घालणे. गुरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले आज आलेलेच आहेत. कानातला बिल्ला गळ्यात यायला फार काळ लागणार नाही. म्हणून त्याचा हिशेब आधीच मांडून ठेवला पाहिजे.

आपले जुने कुंपण

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कुंपण म्हणजे दगड किंवा तार नव्हे. कुंपण हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न असा : गुरे आणि पीक एकमेकांना भिडली, तर सांभाळण्याचे श्रम कोणी करायचे? गुरे राखणाऱ्याने की पीक लावणाऱ्याने?

कोकणाने या प्रश्नाचे फार शहाणपणाचे उत्तर शोधले होते. मृगापासून भातकापणी होईपर्यंत जबाबदारी गुरांच्या मालकाची. त्या दिवसांत राखणीशिवाय गुरे सोडणे हा गावाचा अपराध समजला जाई. दिवाळीच्या सुमाराला कुणगे रिकामे झाले, भात घरात आले, की गुरे मोकळी. मग ती सड्यावर चरोत, नाहीतर कापलेल्या शेतात फिरून शेणखत टाकोत. या काळात कोणाला वायंगण किंवा भाजीचा मळा करायचा असेल, तर वई घालण्याचे काम त्याचे. म्हणजे आपले मुख्य कुंपण जमिनीवर नव्हतेच. ते पंचांगात होते. जबाबदारी ऋतूबरोबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत असे. ते कोणाला दिसत नसे, पण सर्वांना ठाऊक असे. उनाड जनावराच्या गळ्यात लोढणे असे, म्हणजे पट्टाही होताच. आणि एवढे करूनही कोणी ऐकले नाही तर कोंडवाडा होता. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पीक खाणारे जनावर धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला. तो कायदा पुस्तकात असला, तरी गावातली बरीच भांडणे त्याच्यापर्यंत न जाता मिटत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. राखणीला जाणारे पोर बहुधा गरिबाचे असे. त्याला वर्षाकाठी थोडे धान्य आणि जुने कपडे मिळत, आणि शाळा त्याला बाहेरूनच दिसे. ज्या व्यवस्थेचे कुंपण एका निरक्षर मुलाच्या पायांवर उभे होते, ती मोडली म्हणून अश्रू ढाळणे समाजवाद्याला शोभणार नाही. परंतु ती कशाने मोडली हे मात्र समजून घेतले पाहिजे.

ती चार कारणांनी मोडली. पहिले, १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू केला. ज्या कातळावर नुसते गवत वाढत होते, तिथे सुरुंग लावून खड्डे काढले गेले, बाहेरून माती आणून भरली गेली, आणि आंब्याची व काजूची कलमे उभी राहिली. कोकणाच्या अर्थव्यवस्थेतील हा मोठा आणि मी म्हणेन स्वागतार्ह बदल होता. पण भात चार महिन्यांचे असते आणि कलम बारा महिन्यांचे. पंचांगातले कुंपण त्याच दिवशी निकामी झाले. दुसरे, नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली आणि बैल हे उत्पादनसाधन न राहता खर्चाचे कलम झाले. तिसरे, राखणीला जाणारा मुलगा शाळेत आणि तिथून मुंबईला गेला. तो गेला हे चांगलेच झाले, पण त्याच्या जागी योग्य मजुरीवर प्रौढ माणूस नेमण्याचा विचार कोणत्याही गावाने केला नाही. चौथे, २०१५ साली महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तिच्या धार्मिक बाजूविषयी मी आज बोलत नाही. आर्थिक बाजू एवढीच की, म्हाताऱ्या बैलाची बाजारातील किंमत शून्यावर आली, आणि ज्याला किंमत नाही त्याला दावे कोण बांधणार? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात पन्नास लाखांच्या आसपास मोकाट गुरे मोजली गेली. ही गुरे आकाशातून पडलेली नाहीत. ती आपल्या धोरणांनी दावणीवरून सोडलेली आहेत.

माझ्या बागेतील धडा

येथे मी माझीच एक गोष्ट सांगतो, आणि ती मला भूषणावह नाही.

निवृत्तीनंतर मी गावी परतलो आणि सड्याच्या कडेला काजूची साठ कलमे लावली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वाडीतील एका वयस्क विधवेच्या दोन गाई आत शिरल्या आणि अकरा कलमांचे शेंडे खाऊन गेल्या. गाई आपल्या गावठी जातीच्या, आज जिला कोकण कपिला म्हणून सरकारी मान्यता मिळालेली आहे त्या; लहान चणीच्या, काटक, दोनेक लिटर दूध देणाऱ्या. मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. कायदा माझ्या बाजूचा आहे हे मला ठाऊक होते, आणि ते मी तिला ऐकवले. पुन्हा गाई दिसल्या तर कोंडवाड्यात घालीन, असे सांगितले. ती काही बोलली नाही. पावसाळ्यानंतर तिने दोन्ही गाई देऊन टाकल्या.

पुढल्या वर्षी सड्यावरचे गवत कोणी चरले नाही आणि कोणी कापलेही नाही. ते कमरेएवढे वाढले आणि फाल्गुनात वाळून कोळ झाले. कोठून ठिणगी पडली देव जाणे. वणवा आला आणि माझ्या साठातली चौतीस कलमे घेऊन गेला. दोन गाई नव्हत्या म्हणूनच वणवा आला, असे मी म्हणणार नाही. गुरे भरपूर होती तेव्हाही वणवे लागत. पण चरलेल्या सड्यावर आग रांगते आणि न चरलेल्या सड्यावर धावते, हे तुमच्यातील प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. त्या बाईच्या गाई माझे अकरा कलमांचे नुकसान करीत होत्या आणि त्याच वेळी माझ्या बागेभोवती फुकट जाळपट्टा राखत होत्या. मी पहिली बाजू वहीत मांडली. दुसरी मांडली नाही. हिशेब चुकला तो माझा, आणि दूध गेले ते तिचे.

गंमत अशी की, हेच उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली सामाजिक खर्चावर एक निबंध लिहिला. त्यात गुरे पाळणारा आणि त्याच्या शेजारी धान्य पिकवणारा यांचे उदाहरण घेतले आहे. कोस म्हणतो की, नुकसान एकाच बाजूने होत नसते. गुरे पीक खातात, म्हणून पीक नसते तर नुकसान नसते, आणि गुरे नसती तरीही नसते. दोघांना बोलणी करण्यास काही खर्च येत नसेल, तर कायदा कोणाच्याही बाजूचा असो, एकूण उत्पादन सर्वांत फायदेशीर होईल अशी तडजोड ते करतील. या निबंधासह केलेल्या कामगिरीबद्दल त्याला १९९१ साली नोबेल मिळाले. बाजारवाद्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला की सरकारने मध्ये पडू नये. पण ते निबंधातील दुसरी गोष्ट विसरतात. बोलणी फुकट होत नसतात. आणि एकूण उत्पादन तेवढेच राहिले, तरी कोणाच्या खिशातून पैसे गेले हे कायदाच ठरवतो. मी आणि ती विधवा समोरासमोर उभे राहिलो तेव्हा बोलणी झालीच नाहीत. एकाकडे कायदा होता, आणि दुसरीकडे दोन गाई.

हिशेब कोणाच्या बाजूचा?

आता आभासी कुंपणाचा हिशेब पाहू. एक एकर चौरस जमिनीला कुंपण घालायचे तर सुमारे २५४ मीटर लांबीचे घालावे लागते. दहा एकरांच्या चौरसाला सुमारे ८०५ मीटर, म्हणजे एकरी फक्त ८० मीटर. लहान शेतकऱ्याला मोठ्याच्या मानाने एकरी तिप्पट कुंपण लागते. भूमितीच गरिबाच्या विरुद्ध आहे. म्हणून तारेच्या कुंपणावर अनुदान दिले की त्याचा लाभ बहुतेक वेळा ज्याला मुळात ते स्वस्त पडते त्यालाच मिळतो. आणि एकाने कुंपण घातले की गुरे शेजाऱ्याच्या उघड्या रानात जातात. अखेरचा उघडा राहिलेला शेतकरी सर्वांच्या गुरांचा मार सोसतो.

आभासी कुंपण हे गणित उलटे करते. त्याचा खर्च जमिनीच्या लांबीवर नाही, गुरांच्या संख्येवर आहे. बागायतदाराला एक पैसाही न घालता त्याच्या दहा एकरांभोवती रेघ पडते. पट्टा मात्र गाईच्या गळ्यात, आणि पट्ट्याचे बिल गाईच्या मालकाला. मित्रहो, या सबंध प्रश्नाचे मर्म येथे आहे. हे यंत्र गुरे अडवते यापेक्षा ते खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात नेते हे अधिक महत्त्वाचे आहे. आणि आज कोकणात गुरे उरली आहेत कोणाकडे? ज्याच्या नावावर बाग नाही, ज्याचा सातबारा दहा हिश्शेकऱ्यांत अडकला आहे, जिचा मुलगा मुंबईहून अधूनमधून पैसे पाठवतो, अशांकडे. त्यांना तुम्ही सांगणार की गाय ठेवायची तर आधी पट्टा घ्या. मग गाय राहणार नाही. आणि गाय गेली की गवत वाढेल, आणि पुढचे मी तुम्हाला सांगितलेच आहे.

हे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. इंग्लंडच्या संसदेने १६०४ ते १९१४ या काळात सामायिक रानांना कुंपण घालण्याचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात गेली. उत्पादन वाढले हे खरे. पण एक गाय आणि चार मेंढ्यांवर जगणारा माणूस गिरणीच्या दारात मजूर म्हणून उभा राहिला हेही तितकेच खरे. अमेरिकेत १८७४ साली ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि काही वर्षांतच मोकळी कुरणे संपली. १८८३ साली टेक्सासमध्ये लहान पशुपालकांनी रात्री तारा तोडल्या. पुढल्याच वर्षी सरकारने तारा तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८३ सालीच लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गावची गायराने जंगल खात्याने घशात घातल्याची तक्रार मांडली आहे. तीन देश आणि तीन प्रकारची कुंपणे. पण गुरे ज्यांच्याकडे थोडी, रान ज्यांच्या नावावर नाही, त्यांनीच प्रत्येक वेळी किंमत मोजली. कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्या शेतकऱ्याने उगीच केलेली नाही.

फरक एवढाच आहे की तार तोडता येत होती. नकाशावरची रेघ कोणी ओढली, केव्हा सरकवली, हे चरणाऱ्या गाईला तर नाहीच, पण तिच्या मालकिणीलाही कळणार नाही. ती रेघ ज्या यंत्रावर साठवलेली असते ते कंपनीच्या ताब्यात असते. वर्गणी थकली किंवा कंपनी बुडाली, तर सबंध गावाचे कुंपण एका रात्रीत नाहीसे होईल.

कोकणातील मर्यादा

विरोधासाठी विरोध करणे मला मान्य नाही. या यंत्राचे गुण आहेत. मोठ्या कुरणात कळप आळीपाळीने फिरवून गवताला विश्रांती देता येते. तारेत अडकून रानातली जनावरे मरतात, ते टळते. राखणाऱ्याचे उन्हातान्हातले कष्ट कमी होतात. जिथे एकाच मालकाची शेकडो एकर जमीन आणि शेकडो गुरे आहेत, तिथे ते उपयोगी आहे.

पण आपली जमीन कशी आहे? एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, सुमारे दहा मीटर. आपले कित्येक कुणगे याहून लहान आहेत. उपग्रहावरून जागा ओळखण्यात मोकळ्या आकाशाखालीही सर्वसाधारणपणे तीन ते पाच मीटरांची चूक राहते. झाडीत आणि घळीत त्याहून अधिक. म्हणजे गाय पायवाटेवर आहे की भातात उभी आहे, हे पट्ट्याला खात्रीने सांगता येणार नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि भात उभे असते त्याच महिन्यांत सूर्य दिसत नाही. सूर्यावर चालणारे पट्टे नेमके गरजेच्या वेळी उपाशी राहतील. सड्यावर मोबाइलला आवाज येतो, खाली वहाळात उतरले की जातो.

याहून मोठी मर्यादा अशी की, पट्टा ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच अडवतो. वानराने पट्टा घातलेला नाही. रानडुकराने आणि गव्याने घातलेला नाही. आणि रस्त्यावर रात्री बसणाऱ्या त्या सोडून दिलेल्या बैलानेही घातलेला नाही, कारण त्याला मालकच नाही. ज्याला मालक आहे ते जनावर आजही बरेचसे राखणीत असते. म्हणजे हे यंत्र ज्याच्यासाठी विकले जाईल, तो रोग त्याने बरा होणार नाही. विजेचा झटका हा प्राण्याला क्लेश देणे आहे की काय, हाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत प्राणिक्लेशाच्या कायद्यांमुळे असे पट्टे कित्येक वर्षे अडून राहिले होते. आपल्याकडेही १९६० चा असा कायदा आहे.

राखण्याची मजुरी

आता एक लहानसा हिशेब मांडतो. आकडे मी गृहीत धरलेले आहेत. तुम्ही आपापल्या गावचे घालून पाहा. समजा, एका महसुली गावात १२० गुरे आणि ३०० एकर बाग आहे. दोन प्रौढ राखणे दिवसाला प्रत्येकी ५०० रुपये मजुरीने वर्षभर ठेवले, तर खर्च ३,६५,००० रुपये. बागेच्या एकरावर वाटला तर वर्षाला सुमारे १,२१७ रुपये. उलट पट्टा १५,००० रुपयांचा धरा, तो पाच वर्षे टिकेल असे धरा, आणि वर्षाची वर्गणी २,००० रुपये धरा. १२० गुरांना वर्षाकाठी सहा लाख रुपये लागतील. पट्टा याहून पुष्कळ स्वस्त झाला तरी एक भेद उरतोच. राखण्याची मजुरी गावच्या दुकानात खर्च होते. पट्ट्याची वर्गणी गावाबाहेर जाते ती परत येत नाही. शिवाय राखणा गवताला आग लागली तर हाक मारतो, व्यायला झालेली गाय ओळखतो, आणि दोन घरांत भांडण होऊ नये म्हणून मधे शब्द टाकतो. ही कामे कोणत्याही योजनेच्या खर्चपत्रकात येत नाहीत, म्हणून ती फुकट आहेत असे आपण समजतो.

अमेरिकेतील गॅरेट हार्डिनने १९६८ साली सामायिक कुरणाची शोकांतिका अटळ आहे असा सिद्धान्त मांडला : प्रत्येक जण एक गुरू जास्त सोडील आणि कुरण उजाड होईल. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची उदाहरणे तपासून दाखवले की, जिथे लोक स्वतः नियम करतात, स्वतः देखरेख ठेवतात आणि चुकणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड करतात, तिथे कुरणे शतकानुशतके टिकतात. तिला २००९ साली नोबेल मिळाले. पंचांगातले कुंपण घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते न वाचताच कळले होते. फक्त त्यांच्या पंचायतीत राखण्याच्या पोराला आणि गावकुसाबाहेरच्याला मत नव्हते. आपल्याला ती व्यवस्था परत आणायची नाही. तिच्यातले शहाणपण घेऊन तिच्यातला अन्याय टाकायचा आहे.

याच संदर्भात गायरानाविषयी एक सावधगिरीचा शब्द. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने गावच्या गुरांसाठी चराई जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. धनदांडग्यांनी गिळलेली गायराने मोकळी झाली तर आपल्याला आनंदच आहे. परंतु महाराष्ट्रात गायरानावर पोटापुरते कसणारा भूमिहीनही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली जो देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो अशाच माणसासाठी. उद्या संगणकावरच्या नकाशात गायरानाची रेघ ओढताना गाईच्या नावाने त्या माणसाला उठवले जाणार असेल, तर आपण कोणाच्या बाजूला उभे राहायचे हे आजच ठरवून ठेवा. गाय आणि भूमिहीन यांना एकमेकांसमोर उभे करणे हा फार जुना डाव आहे.

आपण काय मागावे?

माझ्या दृष्टीने आपल्या मागण्या चार असाव्यात.

पहिली, रेघ ग्रामसभेने ओढावी. कुंपण दगडाचे असो, तारेचे असो किंवा आकाशातले असो, ते सामायिक रानातून जात असेल तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय जाता कामा नये. आणि त्या सभेला गुरे राखणाऱ्या बायका हजर असल्या पाहिजेत.

दुसरी, ज्याचे कुंपण वाचते त्याने खर्च सोसावा. पट्टा असो की राखणा, त्याचा मुख्य भार बागेच्या क्षेत्राच्या प्रमाणात बागायतदारांनी उचलावा, गाईच्या डोक्यावर बसवू नये. एक-दोन एकरांच्या धन्याला त्यातून सूट असावी.

तिसरी, राखणीला रोजगार हमीच्या कामांत स्थान मिळावे. खड्डे काढणे हे उत्पादक काम आणि खड्ड्यातले कलम राखणे हे नव्हे, हा भेद कोणत्या अर्थशास्त्राने केला? सड्यावरचे गवत वेळेवर कापणे आणि जाळपट्टे काढणे याच कामात यावे.

चौथी, सोडून दिलेल्या गुरांची जबाबदारी राज्याने घ्यावी. ज्या धोरणाने जनावराची किंमत शून्य केली, त्या धोरणाने त्याच्या वैरणीचाही विचार करायला हवा होता. हा भार गावच्या कोंडवाड्यावर टाकून चालणार नाही.

या चार गोष्टी झाल्या आणि त्यानंतर एखाद्या गावाने सहकारी संस्थेमार्फत पट्टे घेऊन पाहायचे ठरवले, तर मी स्वतः तिथे जाऊन हिशेब लिहीन. यंत्राशी आपले वैर नाही. यंत्राचा मालक कोण, आणि त्याचे बिल कोणाच्या हातात, एवढेच आपण विचारतो.

शेवटी एक सांगितले पाहिजे. वणव्यानंतर मी त्या बाईंच्या घरी गेलो. गाय घेऊन देतो असे म्हणालो. त्यांनी नको म्हटले. म्हणाल्या, आता राखायला पाय चालत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा आमच्या वाडीतल्या सात बागायतदारांनी वर्गणी काढून एक राखणा ठेवला आहे. दोन वर्षे झाली. भांडणे अजून होतात, आणि वर्गणी वेळेवर देणारे सातांतले चारच आहेत. पण या दोन वर्षांत आमच्या बाजूच्या सड्यावर वणवा आलेला नाही, आणि वाडीत आठ गुरे अजून आहेत. तुमच्या गावात गुरे किती, राखणा कोण आणि त्याला मजुरी कोण देतो, एवढी नोंद करून पुढच्या वर्गाला घेऊन या. तिथून पुढचे आपण मिळून ठरवू.